पाण्याबरोबर कोण जाते, कोण थांबते?

आपल्या शिरूर, दौंड तालुक्यांत विहीर खणताना मुरमाखाली काळा कातळ लागतो. हा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या भोकांत पांढरे स्फटिक दिसतात. त्यांतले बरेच झिओलाइट गटातले.

अशाच लाव्हाच्या प्रदेशात, अमेरिकेतील हॅनफर्ड येथे, १९४०च्या दशकात अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार होऊ लागले. उरलेला किरणोत्सारी द्रव जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत साठवला. पुढे टाक्या गळू लागल्या. १९७३ साली एकाच टाकीतून चार लाख लिटरांहून अधिक द्रव झिरपला.

त्यातली मूलद्रव्ये सारखीच वाहून गेली का? नाही. सीझियम-१३७ बहुतांशी टाकीजवळच्या मातीत अडकले. टेक्नेशियम-९९ खोल उतरले. हॅनफर्डच्या भूजलात ते सापडते. कारण विद्युतभारात आहे. सीझियमचा आयन धन, तर चिकणमातीच्या कणांचा पृष्ठभाग ऋण. म्हणून तो तिथे धरला जातो. टेक्नेशियम मात्र हवा मिसळलेल्या पाण्यात ऑक्सिजनशी जोडून ऋण आयन बनते. त्याला माती धरत नाही. शिवाय सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षे, टेक्नेशियमचे दोन लाखांहून अधिक. थांबणारे लवकर विझते, पळणारे टिकते!

झिओलाइटही सीझियम धरतात. १९७९ साली थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा दूषित पाणी झिओलाइटमधून गाळले गेले.

प्लुटोनियम पाण्यात फारच थोडे विरघळते, मातीला चिकटते. ते फार दूर जाणार नाही असे मानले जाई. १९९९ साली नेवाडातील संशोधन प्रसिद्ध झाले: १९६८च्या भूमिगत अणुस्फोटातील प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या भूजलात सापडले होते. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म खनिजकणांना चिकटून ते तिथवर पोचले होते. जे विरघळत नाही, तेही प्रवास करू शकते.

हॅनफर्डखालच्या बेसॉल्टमध्ये अणुकचरा कायमचा पुरण्याचा विचार होता. १९८७ साली तो सोडून दिला. पाण्याशी गाठ लांबवण्यासाठी असा द्रव काचेत गोठवतात. भारतातील तसा पहिला प्रकल्प १९८५ साली तारापूरला सुरू झाला.

आपल्या तालुक्यांत अणुकचरा पुरलेला नाही, पण विद्युतभाराचा हा खेळ उसाच्या शेतातही चालतो. पोटॅशचा धन आयन काळ्या मातीत बराचसा अडकतो; युरियापासून बनलेले नायट्रेट, ऋण आयन असल्याने, पाण्याबरोबर विहिरीत उतरते. तेव्हा विहिरीच्या पाण्यावर वर्गात बोलताना आपण आधी हेच विचारावे: या मातीतून पाण्याबरोबर काय निघते, आणि काय मागे राहते?