खेळायला कोण पात्र? : व्यावसायिक गोल्फच्या प्रवेशनियमांची ओळख

व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, कॅडीचा मेहनताना, सगळे त्याच्याच खिशातून जाते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कट हुकला की आठवड्याची कमाई बहुधा शून्य, खर्च मात्र पुरा. (लिव्ह गोल्फ हा अपवाद, त्याच्याकडे पुढे येऊच.) टूर त्याला एकच गोष्ट देते: स्पर्धेत उतरण्याचा हक्क. त्यालाच खेळाडू ‘कार्ड’ म्हणतात. इतर धंद्यांत जे काम नेमणूकपत्र, करार आणि सेवानियम करतात, ते सगळे इथे पात्रतेच्या नियमांना करावे लागते. म्हणून हे नियम वाचायचे. एरवी ते इतके रूक्ष आहेत की खुद्द खेळाडूही आपल्यापुरते एखादे कलम पाहून वही मिटतात.

या अभ्यासासाठी गोल्फ खेळता यायला हवे असे नाही. रेल्वेचे आरक्षण ज्याने काढले आहे, त्याला अमेरिकेच्या पीजीए टूरची अग्रक्रम यादी सहज कळेल. सगळ्यात वर ‘मेजर’ म्हणजे मोठ्या स्पर्धांचे विजेते, मग इतर विजेते, मग गेल्या हंगामात गुणतक्त्यात वर राहिलेले, दुखापतीमुळे मुदतवाढ मिळालेले, खालच्या टूरवरून बढती मिळालेले, क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेतून आलेले. साधी स्पर्धा जिंकली तरी दोन वर्षांची निश्चिंती. मेजर जिंकली तर पाच वर्षांची. ज्याने वीस स्पर्धा जिंकल्या आणि पंधरा वर्षे टूरवर काढली, तो आजीव सभासद. यादीच्या तळाचा खेळाडू बॅग भरून फोनची वाट पाहत बसतो.

ही उतरंड कायमची नव्हती. 1983 पूर्वी मोजक्याच खेळाडूंना, ढोबळमानाने पहिल्या साठांना, थेट प्रवेश असे. बाकीच्यांनी दर सोमवारी पात्रताफेरी खेळायची. जमले तर गुरुवारी मैदानात, नाही तर गाडी काढून पुढच्या गावी. अशा खेळाडूंना तिकडे ‘ससे’ म्हणत. गॅरी मॅकॉर्ड या खेळाडूने ही पद्धत बदलण्याचा आग्रह धरला आणि 1983 पासून मिळकतीच्या तक्त्यातल्या पहिल्या 125 जणांना वर्षभराची हमी मिळाली. पुढची चाळीसेक वर्षे 125 हा आकडा जणू निसर्गनियम होता. 2026 च्या हंगामासाठी टूरने तो 100 वर आणला, सोमवारच्या जागाही घटवल्या. कारण सांगितले ते असे की स्पर्धेतले खेळाडू कमी केले तर अंधार पडण्यापूर्वी फेऱ्या पूर्ण होतील आणि नव्या कार्डधारकाला पुरेशा स्पर्धा मिळतील. कारण खोटे नाही. तरी निर्णय घेणाऱ्यांत दाराच्या आत असलेलेच जास्त होते, हेही लक्षात ठेवलेले बरे. पात्रतेचा नियम ज्याला बाहेर ठेवतो, त्याचे मत तो करताना कुणी विचारत नाही.

याचे सर्वांत उघड उदाहरण वंशभेदाचे. तेव्हा टूर चालवणाऱ्या पीजीए ऑफ अमेरिकाच्या घटनेत 1934 पासून सभासदत्व गोऱ्यांपुरते ठेवणारे कलम होते. 1948 मध्ये बिल स्पिलर आणि टेड ऱ्होड्स या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंनी लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या साठांत स्थान मिळवले. तत्कालीन नियमाप्रमाणे त्यांना पुढच्या रिचमंड ओपनमध्ये थेट प्रवेश मिळायला हवा होता. सरावाच्या फेऱ्या झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की तुम्हाला खेळता येणार नाही. ते कोर्टात गेले. भेदभाव करणार नाही अशा आश्वासनावर दावा मागे घेतला गेला, आणि मग स्पर्धांच्या पाट्या बदलल्या. ‘ओपन’ होत्या त्या ‘इन्व्हिटेशनल’ झाल्या. निमंत्रण कुणाला द्यायचे हा यजमानाचा प्रश्न. त्यात भेदभाव कसला? नियमाची शाई वाळायच्या आत पळवाट शोधणारे कारकून सगळीकडे भेटतात. शेवटी कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल स्टॅन्ले मॉस्क यांनी आपल्या राज्यात अशी स्पर्धा होऊ न देण्याचा इशारा दिला, तेव्हा 1962 ची पीजीए चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसहून हलवावी लागली आणि नोव्हेंबर 1961 मध्ये ते कलम गेले. कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली सिफर्ड तेव्हा 39 वर्षांचे होते. त्यांनी 1967 साली हार्टफर्डला स्पर्धा जिंकली खरी, पण उमेदीची वर्षे कोणत्याच यादीत परत येत नाहीत.

मराठी वाचकाला दुसरे एक प्रकरण अधिक जवळचे वाटेल. 2008 मध्ये महिलांच्या एलपीजीए टूरने ठरवले की दोन वर्षांहून जास्त काळ सभासद असलेल्या खेळाडूला इंग्रजीत संवाद साधता आला पाहिजे. नाही जमले तर निलंबन. त्या वेळी टूरवर चाळीसहून अधिक दक्षिण कोरियन खेळाडू होत्या, आणि रोख कुणावर आहे हे कुणाला सांगावे लागले नाही. टूरची बाजू अशी: स्पर्धेआधी प्रो-ॲमच्या दिवशी खेळाडू प्रायोजकांच्या पाहुण्यांबरोबर खेळते, त्यांच्याशी चार शब्द बोलणे हा कामाचाच भाग. टीका इतकी झाली की काही आठवड्यांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पण त्या निमित्ताने मूळ प्रश्न बाहेर आला. खेळाडूचे काम चेंडू भोकात घालणे एवढेच आहे, की ज्यांच्या पैशावर बक्षिसे उभी राहतात त्यांची सरबराई करणे हेही?

पीजीए टूरला आव्हान देणाऱ्या लिव्ह गोल्फच्या वादाकडे आपण याच अंगाने पाहावे असे मला वाटते. सौदी पैसा, नैतिकता, आकडे यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. नियमांच्या अभ्यासकाला त्यात एक साधे कलम दिसते: ना-हरकत. पीजीए टूरची स्पर्धा असेल त्याच आठवड्यात दुसरीकडे खेळायचे तर सभासदाने टूरची परवानगी घ्यायची. हंगामात किमान पंधरा स्पर्धा खेळणाऱ्याला साधारण तीनदा ती मिळते. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धेसाठी मात्र नाही. जून 2022 मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर लिव्हची पहिली स्पर्धा सुरू झाली, त्याच दिवशी पीजीए टूरने तिथे उतरलेल्या आपल्या सभासदांना निलंबित केले. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरने दंड ठोठावला. तो वाद लवादापुढे गेला आणि एप्रिल 2023 मध्ये निकाल टूरच्या बाजूने लागला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी मार्च 2022 मध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला आणि त्याच ऑगस्टमध्ये लिव्हकडे गेला. खेळाडू टूरचा नोकर नाही, हे दोन्ही पक्ष मान्य करतात. मग नोकर नसलेल्या माणसाचा आठवडा कुणाच्या मालकीचा?

भारतात पीजीटीआय ही टूर 2006 पासून आहे आणि तिचेही क्यू-स्कूल आहे. शिडीच्या पायऱ्या आता एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत: महूचा ओम प्रकाश चौहान 2023 मध्ये पीजीटीआयच्या गुणतक्त्यात पहिला आला आणि त्या जोरावर त्याला डीपी वर्ल्ड टूरचे कार्ड मिळाले. ऑलिंपिकचे गणित मात्र वेगळेच. जागा साठ, जागतिक क्रमवारीत पहिल्या पंधरांत असलेल्यांना एका देशातून चारपर्यंत प्रवेश, त्यानंतर देशामागे फक्त दोन. या देशवार मर्यादेमुळे क्रमवारीत बरेच खाली असलेल्यालाही संधी मिळते. टोकियोच्या वेळी पुण्याचा उदयन माने राखीव यादीत होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि माने ऑलिंपिकपटू झाला.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? माझे उत्तर ठरलेले आहे: केसी मार्टिन खटला. मार्टिनच्या उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार होता. अठरा होल चालणे त्याला धोक्याचे. क्यू-स्कूलच्या पहिल्या दोन टप्प्यांत गाडी वापरायला मुभा होती, तिसऱ्यात नव्हती. पीजीए टूर म्हणाली, चालणे आणि थकणे हा खेळाचाच भाग आहे. कोर्टात हिशेब निघाला: फेरीत चालून खर्च होतात सुमारे पाचशे कॅलरी, म्हणजे एका बिग मॅकपेक्षाही कमी. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या युक्तिवादाचा कणा पात्रतेतच आहे: तीन हजार डॉलर भरून आणि दोन शिफारसपत्रे देऊन कुणालाही क्यू-स्कूलला बसता येते, तेव्हा खेळाडू हाही टूरचा ग्राहकच, आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा त्याला लागू. न्यायमूर्ती स्कालिया यांचे विरोधी मत बोचरे आहे. व्यावसायिक खेळाडूला ग्राहक म्हणणे त्यांना हास्यास्पद वाटते, आणि खेळाचे नियम मुळातच मनमानी असतात असे ते बजावतात. मला निकाल पटतो. तरीही स्कालियांची पाने आधी वाचावीत आणि मग स्टीव्हन्सकडे वळावे.