कानपूर भारत-अमेरिका कार्यक्रम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नऊ विद्यापीठांनी व तंत्रशिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या (आयआयटी) उभारणीस १९६२–७२ या दशकात केलेले साहाय्य. अभियांत्रिकीच्या पदवी-शिक्षणाची नव्याने मांडणी करण्याचा हा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

पार्श्वभूमी : भारतातील जुनी अभियांत्रिकी महाविद्यालये (रूडकी, १८४७; पुणे, १८५४) मुख्यतः सार्वजनिक बांधकामांसाठी लागणारे अभियंते व पर्यवेक्षक तयार करण्याच्या हेतूने निघाली. पुढे विद्यापीठांशी संलग्न झालेल्या महाविद्यालयांत अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवी आणि वार्षिक परीक्षाही तेच घेई. त्यामुळे प्रत्यक्ष शिकविणाऱ्यास आशय वा मूल्यमापन बदलण्यास फारसा वाव नसे. १९४५ मध्ये नेमलेल्या सरकार समितीने देशाच्या चार भागांत उच्च तंत्रशिक्षणसंस्था काढण्याची शिफारस केली. त्यानुसार खरगपूर (१९५१), मुंबई (१९५८), मद्रास व कानपूर (१९५९) येथे संस्था निघाल्या. १९६१ च्या अधिनियमानुसार त्यांना स्वतःची पदवी देण्याचा अधिकार होता. अमेरिकेतही याच सुमारास ग्रिंटर समितीच्या १९५५ च्या अहवालाने कार्यशाळेतील कौशल्यांपेक्षा मूलभूत व अभियांत्रिकी विज्ञानांवर भर देण्याचा आग्रह धरला होता.

सहकार्याचे स्वरूप : मॅसॅचूसेट्स, कॅलिफोर्निया, कार्नेगी व केस या तंत्रशिक्षणसंस्था आणि कॅलिफोर्निया (बर्कली), मिशिगन, ओहायओ स्टेट, पर्ड्यू व प्रिन्स्टन ही विद्यापीठे या संघात सहभागी होती. खर्चाचा मोठा भाग अमेरिकी शासनाच्या आंतरराष्ट्रीय विकास अभिकरणाने उचलला. एकाच विद्यापीठाचा साचा न उचलता विषयागणिक निरनिराळ्या संस्थांचा अनुभव घेता येणे, हा या रचनेचा विशेष लाभ होय. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर (१९०९–९०) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये व मुंबईच्या आयआयटीच्या नियोजनात काम केले होते. परदेशांत उच्च शिक्षण घेतलेल्या तरुण भारतीयांना त्यांनी अध्यापक म्हणून आणले. अमेरिकी प्राध्यापक काही काळापुरते येत. संस्थेची धुरा भारतीय अध्यापकांकडेच राहिली.

अभ्यासक्रम : १९६० मध्ये हार्कोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या आवारात वर्ग सुरू झाले. तत्कालीन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना गणित, भौतिकी, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी विज्ञाने यांचा समान पाया देण्यात आला. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांनाही त्यात नियमित स्थान मिळाले. सत्र पद्धती, अक्षरश्रेणी आणि शिकविणाऱ्यानेच मूल्यमापन करण्याची प्रथा यांमुळे वर्षअखेरच्या एकाच परीक्षेचे वर्चस्व संपले. १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला. त्याच्या आधारे विद्यार्थ्यांना आज्ञावली-लेखन शिकविले जाऊ लागले; बाहेरील अध्यापक, संशोधक व उद्योगांतील तंत्रज्ञ यांच्यासाठीही अल्पकालीन वर्ग घेण्यात आले. भारतातील संगणकशिक्षणाच्या विकासात या वर्गांचा वाटा मोठा आहे.

मूल्यमापन : १९७१ च्या युद्धाच्या वेळी दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि १९७२ मध्ये कार्यक्रम समाप्त झाला, तथापि त्याने घालून दिलेली शैक्षणिक चौकट टिकून राहिली. तिच्यावर टीकाही झाली. अनेक पदवीधर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले व तेथेच स्थायिक झाले. सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या बुद्धिमत्तेचा लाभ देशाला किती मिळाला, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. कानपूरला नवा अभ्यासक्रम आखता आला तो केवळ परकीय साहाय्यामुळे नव्हे. संस्था नवी होती, तिला पदवीदानाचा अधिकार होता आणि अध्यापकांवर विश्वास टाकण्यात आला होता. पाठ्यक्रम व उपकरणे इतरत्र नेता येण्याजोगी होती. हे स्वातंत्र्य मात्र संलग्न महाविद्यालयांजवळ नव्हते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व मुंबईची वरील टेक्निकल इन्स्टिट्यूट या जुन्या संस्थांनाही शैक्षणिक स्वायत्तता लाभली ती एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी. विद्यापीठांच्या सहकार्याने सुधारणेला दिशा मिळते. पण ती रुजण्यासाठी शिकविणाऱ्याच्या हाती निर्णयाधिकार असावा लागतो, हे या कार्यक्रमाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.