उपदेशाचे ग्रंथ आणि वाचकांचा कौल

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात ज्या पुस्तकांविषयी वाचकांचे सर्वांत कमी एकमत होते, त्यांत जीवनोपदेशपर पुस्तकांचा क्रम वरचा लागतो. एक वाचक त्यांतील वचने वहीत उतरवून घेतो. दुसरा तेच पुस्तक चार दिवसांत अर्धवट वाचून परत करतो आणि 'यात नवे ते काय?' असे विचारतो. तिसऱ्याला तर त्या उपदेशाचा रागच येतो. हा मतभेद आजचा नव्हे. या वाङ्मयप्रकाराइतकेच त्याचे वय आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे कृतज्ञता आणि राग या दोहोंमागेही सबळ कारणे होती, असे दिसून येते.

मराठी मनाला उपदेशाचे ग्रंथ मुळीच परके नाहीत. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) दासबोधाचे वीस दशक व दोनशे समास परमार्थाबरोबर प्रपंच आणि लोकव्यवहारही शिकवितात. दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खाची लक्षणे येतात आणि अखेरीस पढतमूर्खाची. पुष्कळ वाचूनही जो सुधारत नाही, त्या वाचकाची दखल खुद्द उपदेशकानेच घेतली आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आधुनिक काळातील या वाङ्मयाचा आद्यग्रंथ म्हणजे सॅम्युएल स्माइल्स यांचे 'सेल्फ हेल्प'. ते इंग्लंडमध्ये १८५९ साली प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. १९०४ साली स्माइल्स निवर्तले, तोवर हा आकडा अडीच लाखांवर गेला होता. १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी केलेले त्याचे भाषांतर जपानमध्ये घरोघरी पोहोचले. परंतु आक्षेपही तितक्याच त्वरेने आले. केवळ नाव वाचून काहींनी हे स्वार्थाचे स्तोत्र ठरविले. यशस्वी पुरुषांची चरित्रे सारेच लिहितात, मग अपयशी माणसाला चरित्रकार का नसावा, असा प्रश्न काहींनी केला. १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्माइल्स यांनी या दोन्ही आक्षेपांचा परामर्श घेतला. केवळ अपयशाची कहाणी वाचकाला नाउमेद करील, असे त्यांचे म्हणणे होते. या उत्तराने सर्वांचे समाधान झाले नाही. आजही होत नाही.

या ग्रंथाचा जन्म मात्र त्याच्या नावाहून निराळी गोष्ट सांगतो. लीड्स या गिरण्यांच्या शहरात काही गरीब तरुण कामगार संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवू लागले. संख्या वाढली तेव्हा त्यांनी, पूर्वी पटकीच्या रुग्णांसाठी वापरलेली एक खोली भाड्याने घेतली आणि १८४५ च्या सुमारास स्माइल्स यांना व्याख्यानासाठी बोलाविले. त्या व्याख्यानांतूनच पुढे ग्रंथ सिद्ध झाला. स्वावलंबनाच्या या विख्यात पोथीचे मूळ असे परस्परसाहाय्यात आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला अधिक तीव्र धार होती. ज्यांना शतकानुशतके शाळेचा उंबरठाच ओलांडू दिला नाही, त्यांना 'प्रयत्नांती परमेश्वर' एवढे सांगून कसे भागावे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याच्या आळसात शोधले नाही. विद्येचा अभाव आणि भट-कामगारांकडून होणारी नागवणूक यांत ते दाखविले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा 'स्वावलंबी शिक्षण' हेच तिचे ब्रीद ठरले. पण त्या स्वावलंबनासाठी त्यांनी आधी वसतिगृहाचे छप्पर उभारले. 'कमवा आणि शिका' हा उपदेश तेथे पुस्तकात राहिला नाही, कारण कमाईचे काम आणि शिक्षणाची शाळा दोन्ही त्याच आवारात होती.

याहून बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, त्या निमित्ताने भरलेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या ग्रंथाचा ठसा बाबासाहेबांच्या मनावर जन्मभर राहिला. पण केळुसकर ग्रंथ देऊन थांबले नाहीत. त्यांनी या विद्यार्थ्यासाठी सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महाविद्यालयीन शिक्षणाकरिता दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेबांचे अपार परिश्रम त्यांचे स्वतःचेच होते. तथापि ग्रंथाच्या सोबतीला देणाऱ्याचा हातही होता, हे विसरता येत नाही.

पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेत या वाङ्मयाला नवा बहर आला. डेल कार्नेगी यांचे मित्र जोडण्याची कला शिकविणारे पुस्तक १९३६ चे, तर नेपोलियन हिल यांचे विचारांच्या बळावर श्रीमंत होण्याचे पुस्तक १९३७ चे. भारतात १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि अशा ग्रंथांच्या मराठी भाषांतरांनी कपाटे भरू लागली. याच विचाराला कडाडून विरोध केला तो बार्बरा एहरेनराइख या अमेरिकन लेखिकेने, २००९ मध्ये. कर्करोगाने त्या आजारी असता, आनंदी राहा म्हणजे बऱ्या व्हाल, असा उपदेश त्यांना चहूकडून ऐकावा लागला होता. बरे न होणे हाही मग रोग्याचाच दोष ठरतो, हे त्यांचे म्हणणे वाचकाला अंतर्मुख करते.

वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. खैरलांजीसारख्या सीमेवरच्या गावातील तरुण हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांतून हे उपदेश वाचू शकतो. पहाटे उठा, वेळ वाया घालवू नका, हे भाताच्या शेतकऱ्याला पुस्तकाने सांगावे लागत नाही. आणि रोवणीच्या वेळी पाऊस रुसला, तर कोणतेही पुस्तक बांधीत पाणी आणीत नाही. मात्र त्याच घरातील मुलगी परीक्षेत एकदा नापास होऊन घरी बसते, तेव्हा 'पुन्हा बैस' एवढे सांगणारे पान तिला लाखमोलाचे ठरू शकते. पुस्तक तेच, वाचणाऱ्याची गरज निराळी.

म्हणून वाचकांच्या या परस्परविरोधी कौलांपैकी कोणताही एक खोटा मानण्याचे कारण नाही. उपदेश धीर देतो, हे खरे. आणि परिस्थितीचे ओझे तो अनेकदा एकट्याच्या खांद्यावर टाकतो, हेही खरे. ग्रंथालयाचे काम अशा पुस्तकांना मखरात बसविण्याचे नाही, की त्यांना दाराबाहेर ठेवण्याचेही नाही. यशाच्या पुस्तकाशेजारी 'शेतकऱ्याचा असूड' ठेवावा, वाचकाला दोन्ही हाती द्यावीत आणि त्याच्या प्रश्नांसाठी जवळ एक बाक रिकामा असावा. लीड्सच्या त्या भाड्याच्या खोलीत याहून फारसे निराळे काही घडत नव्हते.