सकाळचा धूर

माझी आजी पहाटे उठली की आधी खळ्यात जायची. बोटाला मिश्री, डोक्यावरून पदर आणि नजर वर, वाडीच्या कौलांकडे. लहानपणी मला वाटायचं, ती उगवतीला नमस्कार करतेय. पुढे कळलं, ती धूर मोजत असे.

आमची वाडी अकरा घरांची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की सावित्रीच्या खोऱ्यात एका उतारावर ती बसली आहे, घरं पायऱ्यांसारखी एकाच्या वर एक. सगळ्यांत खालचं आमचं. म्हणून आमच्या खळ्यातून सगळ्यांची कौलं दिसतात. चुलीचा धूर एका जागेतून येत नाही. थंडीत म्हशीच्या पाठीवरून वाफ निघावी तसा तो अख्ख्या छपरावरून उठतो. आजीला घरोघरचा धूर ओळखता यायचा. "मधल्या घरात नुसत्या शेणी जळतायत, फाटी संपली वाटतं," असं ती म्हणाली की दुपारी आमच्याकडचा कोणीतरी तिथे एक भारा टाकून यायचा. आणि एखाद्या कौलावर धूर आलाच नाही तर आमच्या चुलीवरची पेज तांब्यात ओतली जायची, वर मिठाची चिमूट, आणि मला किंवा चुलतभावाला हुकूम सुटायचा: "जा, बघून ये."

ही सवय आजीने माहेराहून आणली होती. तिचं माहेर पलीकडच्या खोऱ्यात. "मानमोडीच्या साली मी धा वर्साची व्हते," या एका वाक्यावर तिच्या वयाचा सगळा हिशेब. तिचा बाप मुंबईला गोदीत हमाल होता. त्या काळी मुंबईला जायचं म्हणजे वाट पाण्याची. पोलादपूर ते महाड पायी, तिथून दासगाव, दासगावहून सावित्रीच्या खाडीने बाणकोट आणि मग आगबोट. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी आले तेव्हा तेही 'पद्मावती' बोटीने दासगावलाच उतरले होते. त्याच धक्क्यावरून आमच्या खोऱ्यात मनीऑर्डरींचा माणूस यायचा, लुगडी यायची, खारका यायच्या. आणि तापही.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले, तिथून तो शहरभर झाला. ती पहिली लाट तशी सोसण्याजोगी होती. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे आमचं खोरं तेवढं वाचलं, असा म्हाताऱ्या माणसांचा हिशेब. त्या साली पावसानेही दगा दिला. भात पोसवलं नाही. सप्टेंबरात ताप फिरून आला, आणि या वेळी तरण्याताठ्यांना उचलू लागला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत साडेसातशेहून जास्त मृत्यूंची नोंद आहे. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

आजीचा बाप त्याच नवरात्रात घरी आला. धडधाकट आला. डोक्यावर ट्रंक, ट्रंकेत बायकोला हिरवं लुगडं. तिसऱ्या दिवशी त्याची मान उचलेना. आठव्या दिवशी तो गेला. त्याच्या मागून आजीचे दोघे धाकटे भाऊ गेले, आणि आई तापाने फणफणत चुलीजवळ पडून राहिली. चूल पेटवायला कोणी उरलं नाही.

"धूर न्हाय आला ना आमच्या घराचा," आजी सांगायची. "तवा पलीकडची म्हातारी आली. गडग्याच्या भायेर उभी राह्यली, हाक मारली. तांब्या गडग्यावर ठेवला नि मागं सरली. ती मागं सरल्यावर मी पुढं व्हायचं."

पुढचं ती नेहमी हातवारे करून सांगायची. पेज प्यायली की तांब्या राखेने घासायचा. आतून, बाहेरून, काठाच्या वळीतून. मग उन्हात दगडावर पालथा घालायचा. ऊन कलल्यावर परत गडग्यावर. म्हातारी तो फडक्याने धरून न्यायची आणि घरी परत घासायची. रोगजंतू हा शब्द त्या दोघींपैकी एकीनेही ऐकलेला नव्हता. राख आणि ऊन यांच्यावर मात्र दोघींचा भरवसा होता.

नऊ दिवस तांब्या आला. दहाव्या दिवशी आला नाही. आजी गडग्यापर्यंत गेली आणि तिने म्हातारीच्या कौलांकडे पाहिलं. धूर नव्हता.

त्या दिवशी दहा वर्षांच्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा एकटीने चूल पेटवली. कणगीच्या तळाच्या कण्या, पाणी जास्त, जाळ जास्त. पेज करपली. तीच तांब्यात घेऊन ती म्हातारीच्या दारासमोर उभी राहिली आणि हाक मारली. आतून फक्त कण्हणं ऐकू आलं. म्हातारीचा मुलगा आणि सून त्याच आठवड्यात गेली. म्हातारी वाचली. पुढे आजीच्या लग्नात ती सगळ्या बायकांना सांगत होती, हिच्या हातची पेज करपलेलीच गोड लागते. ही गोष्ट सांगताना आजीच्या डोळ्यांत पाणी येई, बाप आणि भावांबद्दल बोलताना मात्र येत नसे. तेवढं रडू बहुधा तिने तेव्हाच संपवलं होतं.

एकदा, कॉलेजात असताना, मी तिला विचारलं, "आजी, ताप तुझ्या बापाने आणला, असं कोणी म्हणालं का गं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "म्हनायला उठून बसलेलं कोन व्हतं?" आणि मग, "म्हनलं बी असंल कोन. पन तांब्या यायचा."

आजीच्या वेळच्या म्हाताऱ्यांना यापेक्षाही जुनी ओळख होती ती प्लेगची. गाठीचा ताप. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातली लाखो माणसं गावोगाव पळाली. कोकणातले गिरणी कामगार आणि गोदीतले हमाल गावाकडे निघाले तेव्हा बंदरात, स्टेशनात तपासण्या, वेगळ्या छावण्या. पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत घुसले, त्याचा संताप प्लेग कमिशनर रँडच्या खुनापर्यंत गेला. हडपसरला मुलाच्या दवाखान्यात रोगी उचलून आणता आणता सावित्रीबाई फुले यांनाच प्लेगने गाठलं आणि त्यातच त्या गेल्या, तारीख १० मार्च १८९७. त्याच साली साथरोगांचा कायदा झाला. १२३ वर्षांनी, १३ मार्च २०२० ला, आपल्या सरकारने करोनासाठी बाहेर काढला तो हाच कायदा.

आमच्या खोऱ्यात प्लेगवर सरकारी उपाय पोचायच्या आधी लोकांचा उपाय होता: घर सोडायचं. आढ्यावरून उंदीर पडला की भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन माळावर खोपी घालायच्या आणि महिना-दोन महिने तिथेच राहायचं. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग माणसात येतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. आढ्याखाली झोपणाऱ्याला उंदीर आणि मरण यांचं नातं आधीच कळलेलं होतं. देवी आल्या की उलट. दाराला निंबाचा डहाळा, म्हणजे परक्याने पायरी चढायची नाही, घरच्याने उतरायची नाही. एका रोगात घर सोडायचं, दुसऱ्यात घर धरायचं, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं. हल्लीच्या आपल्याला वाटतं की घर म्हटलं की सुरक्षित. २२ जुलै २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, शेजारच्या महाडात तळियेवर अख्खा डोंगर आला. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. दीड वर्ष ज्यांना घरात राहा सांगितलं होतं ती माणसं घरातच गाडली गेली. त्या रात्री आमच्या वाडीने घरं सोडली आणि फाट्यावरच्या एका घराच्या ओटीवर सगळ्यांनी एकमेकांना टेकून बसून उजाडवलं. तोंडाला मास्क नाही म्हणून कोणी कोणाला हटकलं नाही.

आता २०२०. ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. मी महाडला नोकरी करतो. शिमग्याच्या पालखीला वाडीत आलो, मध्ये एकदा महाडला जाऊन परतलो आणि २५ मार्चला, गुढीपाडव्याला, देशच बंद झाला. वाडीत मी, आई, बायको आणि वरच्या घरात माझी थोरली काकी. वय अठ्ठ्याहत्तर. आजी गेल्यावर खळ्यात उभं राहणं काकीकडे आलं होतं, पण त्यात आता अर्थ उरला नव्हता. सहा घरांत गॅस आला होता. गॅसला धूर नसतो. काकी सकाळी कौलांकडे बघायची आणि म्हणायची, "निम्मी वाडी मुकी झाली." त्यावर तिने स्वतःच तोड काढली. नातवाने दिलेल्या मोबाईलवरून ती रोज सकाळी सहा घरांना मिस्ड कॉल द्यायची. परत मिस्ड कॉल आला की धूर निघाला असं समजायचं.

मे महिन्यात चाकरमानी निघाले. माझा चुलतभाऊ, त्याची बायको आणि बारा वर्षांचा मुलगा. नालासोपाऱ्याची खोली, कंपनी बंद, पगार बंद. पनवेलपासून कधी टेम्पोत, कधी पायी असे ते तिसऱ्या दिवशी फाट्यावर पोचले. वाडीच्या तोंडाशी आम्हीच बांबू आडवे घातले होते. खळ्यात बैठक बसली. कोणी मोठ्या आवाजात बोललं नाही, पण जे बोललं गेलं ते मला अजून बोचतं. मुंबईवाले रोग आणणार. म्हातारी माणसं आहेत वाडीत. येऊ नका म्हणून सांगायला हवं होतं. आणि हे म्हणणारे वाईट नव्हते, घाबरलेले होते. मीही घाबरलो होतो. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. या वाडीतलं एकेक कौल मुंबईच्या पगारातून चढलंय हे मला माहीत होतं.

काकी मध्येच उठून घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. "शाळेत ऱ्हातील ते चौदा दिस," ती म्हणाली. "कुनाच्या दारात येनार न्हाईत. पन उपाशी न्हाई ऱ्हानार." आणि ती उताराला लागली.

दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. रोज एकेका घराची पाळी. शाळेच्या पायरीपासून वीस पावलांवर एक चपटा दगड होता, त्यावर डबा ठेवून हाक मारायची आणि मागे सरायचं. आशाताई उन्हातून चालत येऊन ताप मोजून जायची. काकीला एक चिंता होती. शाळेत चूल नाही, भावाच्या मोबाईलचं रिचार्ज संपलेलं. आतली माणसं बरी आहेत हे सकाळी कळायचं कसं? तिने ओरडून सांगितलं, "उठलास की खिडकीला लाल पंचा बांध." मग रोज सकाळी काकी खळ्यात, आणि समोर शाळेच्या गजांना लाल पंचा. तो बांधायचं काम पोराचं.

नववा दिवस ३ जूनचा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि दुपारी आमच्या खोऱ्यात शिरलं. समुद्र इथून लांब. असं वारं वाडीतल्या कोणीही पाहिलेलं नव्हतं. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. शाळेचा पत्रा उचलला गेला आणि पलीकडच्या शेतात जाऊन पडला. भाऊ पोराला पोटाशी धरून पावसात उभा होता. बैठकीत सगळ्यांत कडक बोललेला माणूस पहिला धावला. त्याच्याच पडवीत तिघं राहिली. मध्ये भाताची पोती रचून आडोसा केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा घरं उघडी. पाऊस तोंडावर, कौलं शाकारायलाच हवीत. शाकारणी म्हणजे माणसांची साखळी. खालून कौल उचलायचं, हातातून हातात वर द्यायचं. सगळ्यांनी तोंडाला पंचे बांधले, पण एका हाताच्या अंतरावर उभं राहिल्याशिवाय कौल पुढे जात नाही. भाऊ साखळीत आला नाही. तो एकटा एकेका अंगणात बसून कौलं निवडत होता. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. खणखणीत वाजलं ते अख्खं, बद्द वाजलं ते चिरलेलं. तीन ढीग: अख्खी, चिरलेली, फुटकी. ढीग लावून तो पुढच्या अंगणात गेला की मागून आम्ही जायचो आणि अख्ख्यांचा ढीग उचलायचो. संध्याकाळपर्यंत त्याच्या बोटांची पेरं सोलून निघाली होती.

वीज गेली ती बरेच दिवस आलीच नाही. मोबाईलचे मनोरे मुके. रस्त्यावर झाडं, त्यामुळे सिलिंडरची गाडीही नाही. जिथे गॅस संपला तिथे लोकांनी कोपऱ्यातल्या जुन्या चुली झाडल्या, मोडलेले वासे फोडून जाळले.

शाकारणी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो तर काकी खळ्यात उभी. वाऱ्याने धुऊन काढलेलं आकाश, आणि वर उतारावर, किती वर्षांनी, घराघराच्या कौलांतून धूर. ओल्या वाशांचा, दाट, पांढरा. पडवीतून भावाचा पोरगा डोळे चोळत बाहेर आला आणि कडेला, ठरल्याप्रमाणे लांब, उभा राहिला. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"आजी, दहाच आहेत," तो म्हणाला.

काकी आत गेलेली होती. चुलीवरून पेजेचं भांडं उतरवल्याचा आवाज मला ऐकू आला.