उफ्यातला नाचरा मुलगा

बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हच्या गोष्टीत बापाला सहसा खलनायक केलं जातं. मुलगा नाचतो म्हणून हमेत नुरेयेव्ह त्याला मारत असे, हे खरंच. पण शेतकरी तातार घरातला हा माणूस क्रांतीनंतर लाल सैन्यात राजकीय अधिकारी झाला होता. शिक्षणानं माणूस वर येतो, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं. मुलानं डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावं हा हट्ट त्यातूनच आला. माझ्या मते, ज्या सोव्हिएत राजवटीनं बापाला वर काढलं तिनंच मुलाची वाटही तयार केली. उफासारख्या दूरच्या शहरात १९३८ साली ऑपेरागृह उघडलं, तिथले कलाकार लेनिनग्राडला शिकून आले. बाप युद्धावर असताना आई फरीदा एकाच तिकिटावर मुलांना तिथे घेऊन शिरली. त्या रात्री रंगमंचावर 'क्रौंचगीत' हा बश्कीर बॅले होता आणि आपण नाचायचं हे मुलाचं ठरून गेलं.

अस्सल गुण कुठेही वर येतोच, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. द्यागिलेव्हच्या बॅले कंपनीत नाचलेल्या आन्ना उदाल्त्सोव्हा उफ्यात नसत्या, तर त्याला पहिले धडे कोण देणार होतं? लेनिनग्राडच्या बॅले शाळेत मुलं दहाव्या वर्षी येत. १९५५ मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे पोचला, तरी अलेक्सांद्र पुश्किन या शिक्षकानं त्याला घडवलं, पुढे घरीही ठेवलं. याचं सगळं श्रेय मात्र सरकारला देता येत नाही, कारण वाट करून देणाऱ्या याच राजवटीला त्याला धरून ठेवता आलं नाही. जून १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्यानं मायदेशी परतायला नकार दिला आणि सोव्हिएत न्यायालयानं त्याला गैरहजेरीत शिक्षा ठोठावली.