चौथ्या दिवसाचा भोपळा

पुण्या-मुंबईच्या बाजारात हल्ली ‘पिवळी झुकिनी’ म्हणून एक भाजी मिळते. अमेरिकेत तिला उन्हाळी स्क्वॅश म्हणतात. ती घरी आणणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच: पाणी सुटते, लगदा होतो, चव लागत नाही. मग कोणी मीठ लावून पिळून घेते, कोणी मोठ्या आचेवर कांद्याबरोबर परतते, कोणी चीज घालून भट्टीत भाजते. हे सगळे उपाय कढईतले झाले. या भाजीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की तिच्या स्वयंपाकाची खरी सुरुवात वेलावर होते.

भोपळ्याचे हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या बिया आणि सालींवरून ब्रूस स्मिथ यांनी 1997 साली दाखवून दिले, की माणूस सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी या वेलाची लागवड करत होता, मक्याच्याही आधी. आपला लाल भोपळाही त्याच कुळातला, युरोपीय जहाजांतून इकडे आलेला. कोहळा आणि दुधी मात्र वेगळ्या घराण्यातले. म्हणजे म्हातारी ज्या भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतली तो जर लाल असेल, तर ती गोष्ट फार जुनी म्हणता येणार नाही! असो.

‘स्क्वॅश’ हा शब्दही तिकडचाच. न्यू इंग्लंडमधील नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेतले त्याचे मूळ रूप ‘अस्कुटास्क्वॅश’ असे काहीसे आहे. रॉजर विल्यम्स यांनी 1643 मध्ये त्या भाषेवर पुस्तक लिहिले, त्यात ते नोंदलेले आहे. त्याचा अर्थ हिरवे, कच्चे खायचे ते. कोवळेपण नावातच होते. इंग्रजांनी शब्दाचे शेपूट तेवढे घेतले.

कोवळे म्हणजे किती कोवळे, याचे नेमके उत्तर मला एका शेतकरीण बाईच्या तोंडून मिळाले. बफेलो बर्ड वूमन हे तिचे नाव. तिचे दुसरे नाव वाहीनी. मराठी कानाला ते ‘वहिनी’ ऐकू येते आणि मी मनात तिला तेच म्हणतो. ती हिदात्सा जमातीची. 1837 च्या देवीच्या साथीने मिसुरी नदीकाठची गावे ओस पाडली, त्यानंतर दोनेक वर्षांनी तिचा जन्म झाला. तिला इंग्रजी येत नव्हते. ती सांगे, मुलगा एडवर्ड गुडबर्ड भाषांतर करी आणि गिल्बर्ट विल्सन हा पाद्री-अभ्यासक लिहून घेई. 1917 साली मिनेसोटा विद्यापीठाने ते पुस्तक छापले. त्यावर डॉक्टरेट मिळाली ती विल्सनला. पण पान उघडले की बोलते ती वहिनीच, आणि तसे बोलू दिले याचे श्रेय विल्सनला द्यायला हवे.

ती सांगते: हंगाम लागला की भोपळे दर चौथ्या दिवशी सकाळी तोडायचे. चार दिवसांचे फळ चिरायला बरोबर बेताचे. मग बायका रेड्याच्या (गवा म्हणा हवे तर) फऱ्याच्या हाडाच्या सुरीने त्याच्या चकत्या करत. जाडी एका इंचाच्या तीन अष्टमांश. या चकत्या विलोच्या काड्यांवर ओवून मांडवावर वाळवायच्या आणि नंतर गवताच्या दोरीत ओवून ठेवायच्या. आपल्याकडच्या वाळवणाहून यात वेगळे काय? साठवणही ओळखीची आहे. हिदात्सा बायका जमिनीत खोल खड्डे घेत. आपला शब्द वापरायचा तर पेवे. भोपळ्याला ओल चटकन लागते म्हणून त्याच्या माळा पेवाच्या मध्यभागी आणि सभोवती मक्याचे दाणे.

शेताची राखणही तशीच. आपल्याकडे ज्वारीत माळा घालून गोफण फिरवतात. तिकडे मुली उंच मांडवावर बसून पिकासाठी गाणी म्हणत आणि कावळे हाकलत. घरी भोपळ्यांचा ढीग आला की लहान मुली त्यातून रंगीत, लांबट फळे निवडून त्यांच्या बाहुल्या करत.

रांधण्याचा तिचा प्रकार मुळातून सांगण्यासारखा आहे. मातीच्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात ओंजळभर घेवड्याचे दाणे टाकायचे. सुक्या भोपळ्याच्या माळेचा एक तुकडा तोडायचा, दोरीची टोके गाठ मारून कडे करायचे आणि तेच भांड्यात सोडायचे. चकत्या शिजल्या की कडे काठीने उचलून लाकडी वाडग्यात घ्यायचे, शिंगाच्या चमच्याने घोटायचे, दोरी फेकून द्यायची, लगदा परत भांड्यात. वरून भाजून कुटलेले सूर्यफुलाचे बी आणि भाजून कुटलेला मका, चार-पाच ओंजळी. थोडा वेळ आणखी उकळले की झाले. या पदार्थाला ‘चार भाज्यांचे मिश्रण’ असे नाव होते. आपण ज्या कामासाठी दाण्याचे कूट घालतो, तेच काम तिथे सूर्यफूल करते: दाटपणा आणि स्निग्धता. पिवळ्या स्क्वॅशच्या भाजीत मीही आता शेवटी कूट घालतो. सुटलेले पाणी पिळून टाकावे लागत नाही, तेच रस होते.

हिदात्सांचे भोपळे आजच्या स्क्वॅशसारखे एकरंगी पिवळे नव्हते, हे इथे सांगायला हवे. साम्य आहे ते कोवळे तोडण्याच्या रीतीत. आणि त्या रीतीला जमीन विशिष्ट लागते. ही शेते नदीकाठच्या मळईत होती. माती भुसभुशीत, हाडाच्या कुदळीने उकरता येईल अशी. वहिनीची टर्टल नावाची आजी लोखंडी कुदळ आल्यावरही हाडाचीच वापरत असे. वरची माळजमीन कठीण आणि लवकर सुकणारी, असे वहिनीने स्पष्ट सांगितले आहे.

ती 1932 मध्ये वारली. पुढे सरकारने मिसुरीवर गॅरिसन धरण बांधायला घेतले. 20 मे 1948 रोजी वॉशिंग्टनमध्ये जमीन देण्याच्या करारावर सही होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडत आहेत, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुळशी आणि कोयना ठाऊक असलेल्या माणसाला त्याखाली ओळ वाचावी लागत नाही. सुमारे दीड लाख एकर जमीन गेली, आणि त्यात नदीकाठची मळई जवळजवळ सगळी. माणसे वर माळावर गेली, म्हणजे नेमकी वहिनीने नको म्हटलेल्या जमिनीवर.

जिथे ती लहानाची मोठी झाली त्या लाइक-अ-फिशहुक गावाची जागाही पाण्याखाली आहे. जलाशयाला सकाकाविया या स्त्रीचे नाव दिले आहे. तीही हिदात्सांच्याच गावात राहिलेली.