हाताचे शिक्षण आणि व्यापाराची विद्या



डभोई ते मियागाम या अरुंद रुळांवर १८६२ साली बैल जुंपून गाडी धावली, हे सर्वश्रुत आहे. त्याच बडोदे संस्थानाने पुढे हाताच्या कामाला विद्येचा मान दिला, हे मला अधिक मोलाचे वाटते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन उभारले. रंगाई, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे प्रत्यक्ष करून शिकविले जात. शिक्षण देशी भाषांतून व्हावे, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेंबिकचा पाया घातला. प्रयोगशाळेतील विद्येतून उद्योग उभा राहिला, तो असा.

आपल्या हायस्कुलांत मात्र वाणिज्य म्हणजे वहीतील जमाखर्च, अशी समजूत रूढ झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचविले आहेत. दहा दिवसांत कारागीर घडत नाही, हे खरे. परंतु मुलाने एखादी वस्तू स्वतः करावी, तिची किंमत ठरवावी, ती बाजारात विकावी आणि प्रसंगी तोटाही सोसावा. मगच खतावणीतील आकडे त्याच्याशी बोलू लागतील. डभोईसारख्या गावात बाजार शाळेपासून दूर नसतो. दूर राहिली आहे ती आपली दृष्टी.